निघतानाचा दाखला

समजा, जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या गावची गणिताची शिक्षिका आहे. बी.एस्सी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची, बी.एड. परभणीत केलेलं. सेलूच्या एका विनाअनुदानित शाळेत काही वर्षं शिकवलं, लग्न झालं, नवऱ्याबरोबर कतारला गेली आणि दोह्यातल्या एका भारतीय शाळेत चार वर्षं नोकरी केली. आता इंग्लंडमधल्या एका माध्यमिक शाळेने तिला निवडलं आहे. ही बाई काल्पनिक असली तरी तिची वाट काल्पनिक नाही. 1 फेब्रुवारी 2023 पासून इंग्लंडने शिक्षकाचा अधिकृत दर्जा, ज्याला तिकडे ‘क्यूटीएस’ म्हणतात, तो मिळवण्याचा मार्ग भारतातल्या शिक्षकांना खुला केला. 11 ते 16 वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांसाठी ही सोय आहे. आखातात काही वर्षं काढलेले अनेक शिक्षक तेव्हापासून तिकडे डोळे लावून आहेत.

मुलाखतीत तिला गणित येतं हे समोरच्यांना पटलेलं असतं. पुढचे प्रश्न वेगळे असतात. तुम्ही नक्की कोण? तुमची पदवी खरी आहे का? तुम्ही सांगता त्या शाळेत, सांगता तितकी वर्षं शिकवलंत का? आणि जिथे जिथे राहिलात तिथल्या पोलिसांकडे तुमच्याविरुद्ध काही नोंद आहे का? या चारही प्रश्नांची उत्तरं तिच्याजवळ नसतात. ती जिंतूरच्या शाळेच्या कपाटात, नांदेडच्या परीक्षा विभागात, सेलूच्या संस्थाचालकाच्या टेबलावर आणि दोह्याच्या पोलीस खात्यात राहिलेली असतात. म्हणून या प्रकरणात एकच गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. परदेशातल्या नोकरीचे कागद जमवायची वेळ नवी नोकरी लागल्यावरची नसते, जुनी नोकरी, जुनं गाव, जुना देश सोडतानाची असते. तेव्हा जो दाखला दहा मिनिटांत हातात पडतो, तोच दोन वर्षांनी समुद्रापलीकडून मागवताना नाकी नऊ येतात.

पहिला प्रश्न, तुम्ही नक्की कोण, हा सगळ्यांत सोपा वाटतो आणि आपल्याकडच्या माणसाला सगळ्यांत जास्त तोच छळतो. मूळ सापडतं प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात. लांबरुंद, कडा झिजलेलं हे रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात असतं. त्यात ओळीने रकाने: मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. ‘वर्तणूक’ हाही एक रकाना आहे आणि त्यात बहुतेकांच्या नावापुढे ‘चांगली’ असं लिहिलेलं असतं. जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट खाली नेलं की 1 जून, 1 जून, 1 जून अशी रांग दिसते. बाळंतपणं घरी होत, ग्रामपंचायतीत नोंद करायला कोणी जात नसे. पोरगं शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याचा अंदाज घेत आणि शाळा सुरू होताना वय पुरं भरेल अशी तारीख लिहीत. थोरला 1 जूनचा, धाकटी 1 जूनची, शेजारचाही 1 जूनचा. गावात याचं कोणाला नवल वाटत नाही. पण लंडनमध्ये नवरा-बायको दोघांचे कागद तपासणारा कारकून दोघांचीही तारीख 1 जून पाहतो तेव्हा त्याला ती मनाने भरलेली वाटते.

यावर उपाय तारीख ‘खरी’ करण्याचा नाही. उलट, सगळीकडे तीच तारीख राहील हे पाहण्याचा आहे. काही जण हौसेने ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदवहीतून वेगळ्याच तारखेचा जन्मदाखला काढून आणतात आणि एका माणसाची दोन माणसं होतात. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या सुधारित जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरवला. आधीच्या पिढ्यांसाठी शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टी.सी., चालतो. आपल्या शिक्षिकेने टी.सी.ची दुय्यम प्रत आणि प्रवेश-निर्गम उतारा दोन्ही मुख्याध्यापकांकडून काढून ठेवायला हवेत, आणि त्यातलं प्रत्येक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहायला हवं.

अक्षर म्हणतो ते मुद्दाम. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव वेगळ्या रकान्यात. बाईचं लग्न झालं की वडिलांच्या जागी नवरा येतो, आडनाव बदलतं, आणि परभणीकडच्या कित्येक घरांत सासरी पाऊल ठेवताना तिचं स्वतःचं नावही बदललेलं असतं. म्हणजे पदवी एका बाईची, पासपोर्ट दुसरीचा. मधला दुवा दोन कागदांवर टिकून असतो. एक, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याप्रमाणे खेड्यात ते ग्रामसेवकाकडे मिळतं. दुसरा, महाराष्ट्र शासन राजपत्रातली नावबदलाची जाहिरात. पुरुष शिक्षकाला यांपैकी काहीच लागत नाही. सारखीच पदवी, सारखाच अनुभव असताना बाईच्या फायलीत दोन-तीन कागद जास्त आणि दोन-तीन महिने जास्त जातात, हा अन्याय मला फार बोचतो. निदान राजपत्राचं काम लग्नानंतर लगेच उरकलं तर पुढचा ताण वाचतो. काही पासपोर्टांवर तर आडनावाचा रकाना कोराच असतो. 21 नोव्हेंबर 2022 पासून संयुक्त अरब अमिरातीने एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक आणि भेटीचा व्हिसा देणं बंद केलं, तेव्हा असे रकाने विमानतळावर नडू लागले.

रोमन लिपीतलं स्पेलिंग ही तिसरी कटकट. चव्हाण, गायकवाड, शेख ही आडनावं बोर्डाने एका तऱ्हेने लिहिलेली, विद्यापीठाने दुसऱ्या, आधारवर तिसऱ्या. आपल्याला तो एकच माणूस दिसतो. पडताळणी करणाऱ्या संगणकाला तीन दिसतात. शपथपत्र करून ‘या तिन्ही नावांची व्यक्ती मीच’ असं लिहून देता येतं आणि ते बऱ्याच ठिकाणी चालतंही. पण व्हिसाच्या टप्प्यावर शपथपत्रांचा गठ्ठा जितका जाड तितके प्रश्न जास्त. बोर्डाकडून, विद्यापीठाकडून दुरुस्ती करून घेणं वेळखाऊ खरं, पण पक्कं.

गावाचंही तसंच आहे. परभणी जिल्ह्याची हद्द दोनदा आक्रसली. 1981 मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तिकडे गेलं, आणि 1 मे 1999 ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव त्यात गेले. त्याआधी वसमतला जन्मलेल्या माणसाच्या जुन्या कागदांवर ‘जि. परभणी’ आहे आणि नव्यांवर ‘जि. हिंगोली’. पालम, सोनपेठ, मानवत, पूर्णा हे तालुकेही मागाहून झाले. पदवीच्या बाबतीत घोळ आणखी मोठा. औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ 1958 चं. 14 जानेवारी 1994 ला त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं आणि त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडचं विद्यापीठ स्थापन होऊन परभणीची महाविद्यालयं तिकडे जोडली गेली. 2023 मध्ये औरंगाबाद शहराचं नावही छत्रपती संभाजीनगर झालं. 1992 मध्ये परभणीत बी.ए. झालेल्या शिक्षकाच्या पदवीवर जे विद्यापीठ आणि जे शहर छापलंय, त्यांपैकी एकही आज त्या नावाने नाही. परदेशातल्या तपासनिसाने इंटरनेटवर शोधलं की त्याला ते सापडत नाही, आणि बनावट पदव्यांच्या जगात न सापडणं हीच पहिली शंका. अशा वेळी विद्यापीठाकडून नामबदलाचा उल्लेख असलेलं पत्र घेऊन पदवीला जोडलं तर अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

आता पदवी खरी आहे हे परक्या देशाला पटवायचं कसं? यासाठी जगाने एक रीत शोधली, तिचं नाव अपोस्टिल. 5 ऑक्टोबर 1961 ला हेग इथे झालेल्या कराराने ती ठरवली. भारतात हा करार 14 जुलै 2005 पासून लागू आहे. अपोस्टिल म्हणजे एक छोटा चौरस दाखला, बाजू किमान 9 सेंटीमीटर, वरचं शीर्षक फ्रेंच भाषेत, खाली 1 ते 10 क्रमांकाच्या नोंदी: कुठला देश, सही कोणाची, ती कोणत्या पदावरून केली, शिक्का कोणाचा, प्रमाणित कुठे केलं, कधी, कोणी, कोणत्या क्रमांकाने, आणि शेवटी शिक्का व सही. आपल्याकडे आधी राज्य शासनाचं साक्षांकन होतं आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर पदवीच्या पाठीवर चिकटतो. त्यावरचा क्रमांक ऑनलाइन तपासता येतो. हा स्टिकर पदवीतल्या मजकुराची हमी देत नाही, त्यावरची सही आणि शिक्का खरा आहे एवढंच सांगतो. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी अपोस्टिल असूनही विद्यापीठाकडे वेगळी विचारणा जाते, आणि तिथे उत्तर द्यायला उशीर झाला की इकडे व्हिसा अडतो.

या स्टिकरची एक अडचण अगदी घरगुती आहे. आपल्याकडे पदवी मिळाली की पहिलं काम म्हणजे ती लॅमिनेट करून घेणं. पावसाने, वाळवीने खराब होऊ नये म्हणून आईवडिलांनी प्रेमाने केलेली ही तजवीज साक्षांकनाच्या खिडकीवर नडते, कारण प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही आणि स्टिकरही चालत नाही. लॅमिनेशन सोलताना कागद फाटला की विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज. पदवी पारदर्शक पाकिटात ठेवावी, चिकटवू नये, एवढं दीक्षान्त समारंभातच सांगितलं गेलं तर किती जणांचे हेलपाटे वाचतील!

सगळे देश या करारात नाहीत. ओमान, बहारीन आहेत. सौदी अरेबिया 7 डिसेंबर 2022 पासून, चीन 7 नोव्हेंबर 2023 पासून आला. कतार, कुवेत आणि अमिराती हे लिहिताना बाहेर आहेत. तिथे मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या दूतावासाचंही साक्षांकन लागतं आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचं. आपल्या शिक्षिकेने दोह्याला जाताना पदवीवर कतारचे शिक्के घेतले होते. इंग्लंडला ते चालतीलच असं नाही. प्रत्येक देश आपल्या नियमाने पाहतो. परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिलचं शुल्क कागदामागे 50 रुपये आहे. त्यापलीकडे जे हजारो रुपये मागितले जातात ते सेवा देणाऱ्यांचे आणि धावपळ करणाऱ्यांचे.

पदवीपेक्षा अनुभव सिद्ध करणं जास्त कठीण, आणि इथे दोष शिक्षकाचा नसतो. मराठवाड्यात कित्येक शिक्षकांनी विनाअनुदानित शाळांत वर्षानुवर्षं बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर काढली आहेत. ‘उद्या अनुदान येईल’ या एका वाक्यावर त्यांची तारुण्यं गेली. नेमणुकीचा आदेश साध्या कागदावर, पगार हातात रोख, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता नाही, सेवापुस्तक नाही. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवणाऱ्यांची गत वेगळी नाही. त्यांनी शिकवलेली मुलं इंजिनिअर झाली, आणि शिकवल्याचा पुरावा विचारला की शिक्षकाच्या हातात काहीच नाही. इंग्लंड किंवा आखातातला तपासनीस पगाराची बँकेतली नोंद मागतो, शाळेच्या अधिकृत ई-मेलवरून उत्तर मागतो. सेलूच्या शाळेचा ई-मेल कोण उघडतं हे संस्थाचालकालाही ठाऊक नसतं. म्हणून पगार कितीही तुटपुंजा असला तरी तो बँकेतून मागावा. शाळा सोडताना अनुभवाचा दाखला शाळेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि यू-डायस क्रमांकासह, नेमक्या तारखा, विषय आणि इयत्ता लिहून घ्यावा. शक्य झालं तर त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी. भांडण होऊन नोकरी सोडली असेल तरीही. खरं तर, तेव्हा तर नक्कीच.

मुक्त विद्यापीठाची पदवी असलेल्यांना एक गोष्ट आधीच ठाऊक असलेली बरी. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने 1989 पासून नोकरी करत शिकणाऱ्या असंख्य गुरुजींना पदवी दिली आणि भारतात ती पूर्ण वैध आहे. पण आखातातल्या काही यंत्रणा समकक्षता देताना शिक्षण नियमित पद्धतीने, वर्गात बसून झालं का हे विचारतात. अर्ज करण्याआधीच त्या देशाचा नियम पाहावा, नाहीतर पैसे आणि वर्ष दोन्ही जातं.

इथे एक उणीव लक्षात येते जिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. परभणीची परिचारिका परदेशी निघाली तर तिची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते. कौन्सिल तिच्याविषयी चांगल्या वर्तनाचं प्रमाणपत्र देते. डॉक्टरला वैद्यक परिषद, वकिलाला बार कौन्सिल. शिक्षकाला अशी एकही परिषद नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद बी.एड.-डी.एड. महाविद्यालयांवर देखरेख ठेवते, एकेका शिक्षकाची नोंदवही ठेवत नाही. मग इंग्लंड जेव्हा विचारतं की ही व्यक्ती शिक्षक म्हणून मान्यताप्राप्त आहे आणि तिच्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही असं सांगणारं पत्र आणा, तेव्हा ते कोणी द्यायचं? जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना अशा पत्राचा नमुना माहीत नसतो, आणि माहीत नाही त्यावर सही करायला कोणीही कचरणारच. त्यातून 2021 च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या शिक्षक पात्रता परीक्षेतला, म्हणजे टीईटीतला, गैरप्रकार उघड झाला आणि सात हजारांहून अधिक परीक्षार्थींवर कारवाई झाली. अशा बातम्यांनी प्रामाणिक शिक्षकाचं कामही अवघड करून ठेवलं आहे. राज्यात शिक्षकांची एक खुली, तपासता येणारी नोंदवही असावी असं मला ठामपणे वाटतं. ती परदेशी जाणाऱ्यांपेक्षाही आपल्या मुलांसाठी हवी.

सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला याखेरीज खात्याची परवानगी लागते. 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालेले सोलापूर जिल्ह्यातले रणजितसिंह डिसले गुरुजी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला निघाले तेव्हा, जानेवारी 2022 मध्ये, त्यांच्या रजेवरून वाद झाला आणि तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी लक्ष घातल्यावर रजेचा मार्ग मोकळा झाला. जगभर नाव झालेल्या गुरुजींची ही गोष्ट, तर पाथरीच्या एखाद्या शिक्षकाने रजेचा अर्ज किती आधी द्यावा हे सांगायला नको. खासगी अनुदानित शाळेत कायम झालेल्या शिक्षकाला 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे नोकरी सोडताना तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती न देता निघालेल्याचा अनुभवाचा दाखला पुढे अडकतो.

चौथा प्रश्न पोलिसांचा. परदेशासाठी लागणारं ‘पीसीसी’, म्हणजे पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र, पासपोर्ट कार्यालय देतं, शुल्क 500 रुपये. 28 सप्टेंबर 2022 पासून पोस्ट ऑफिसांतल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही त्यासाठी अर्ज करता येतो, त्यामुळे मोठ्या शहराची फेरी वाचली. इथे बरेच जण एक चूक करतात. पोलीस दलाच्या पोर्टलवरून नोकरीसाठी मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला घेऊन ते दूतावासात जातात. तो दाखला इथल्या नोकरीसाठी आहे. व्हिसासाठी बहुतेक देश पासपोर्ट कार्यालयाचंच पीसीसी मागतात. अर्ज केल्यावर पोलीस ठाण्याच्या गोपनीय शाखेकडे कागद येतो, कर्मचारी पत्त्यावर येतो, शेजारी विचारतो, खेड्यात पोलीस पाटलाला विचारतो. आपली शिक्षिका दोह्यात असताना तिने तिथल्या भारतीय दूतावासातून पीसीसी मागितलं तरी चौकशी शेवटी जिंतूरकडेच येऊ शकते, आणि दारात असते एकटी सासू. ‘सून कुठे आहे?’ या प्रश्नाला घाबरून तिने ‘माहीत नाही’ म्हटलं तर अहवाल लांबतो. घरच्यांना आधी फोन करून सांगून ठेवावं.

पोलिसांच्या नोंदीत काय निघतं? आपल्या भागात बहुतेकदा चोरीमारी निघत नाही, निघतं आंदोलन. कॉलेजात असताना मोर्च्यात गेले, रास्ता रोकोला बसले, यादीत नाव आलं. किंवा करोनाच्या टाळेबंदीत घराबाहेर पडले म्हणून भारतीय दंड संहितेचं कलम 188. 2022 मध्ये राज्याने टाळेबंदी मोडल्याचे कलम 188 चे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय घेतला. राजकीय-सामाजिक आंदोलनांतल्या गुन्ह्यांबाबतही वेळोवेळी असे निर्णय झाले. ‘सरकारने गुन्हे मागे घेतले’ ही बातमी वाचून माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात खटला मागे घ्यायला सरकारी वकिलाने अर्ज करून न्यायालयाची संमती घ्यावी लागते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 321 खाली आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 खाली. तो आदेश होईपर्यंत खटला प्रलंबितच दिसतो. आदेश झाला की त्याची सही-शिक्क्याची नक्कल काढून पोलीस ठाण्यात द्यावी आणि एक स्वतःजवळ ठेवावी. प्रलंबित खटला असतानाही 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेप्रमाणे न्यायालयाच्या परवानगीने पासपोर्ट मिळतो, मात्र पीसीसीवर प्रश्न येतोच. लपवणं हा त्यावरचा सर्वांत वाईट मार्ग. व्हिसाच्या अर्जात ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का’ याला खोटं ‘नाही’ लिहिलं आणि ते उघड झालं, तर साध्या रास्ता रोकोपेक्षा ते खोटं कितीतरी महाग पडतं.

इतकी खोदाखोद कशासाठी, असं कोणालाही वाटेल. त्यामागची कारणं भयंकर आहेत. विल्यम वेही नावाच्या अमेरिकी माणसाला 1969 मध्ये कॅलिफोर्नियात मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती. त्यानंतर तो चार दशकं इराण, लेबनॉन, सौदी अरेबिया, इंडोनेशिया, व्हेनेझुएला, लंडन अशा ठिकाणच्या आंतरराष्ट्रीय शाळांत शिकवत राहिला. प्रत्येक शाळेने आधीच्या शाळेची शिफारसपत्रं पाहिली, त्या जुन्या शिक्षेपर्यंत कोणी पोचलं नाही. 2014 मध्ये त्याच्या साठवणीत किमान 90 मुलांची छायाचित्रं सापडली आणि त्यानंतर लगेच तो मेला. त्या वर्षापासून जगभरच्या आंतरराष्ट्रीय शाळांनी भरतीचे नियम कडक केले. इंग्लंडचा अनुभव आणखी जुना: ऑगस्ट 2002 मध्ये सोहम गावातल्या दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून शाळेत काम करणाऱ्या माणसाने केला. त्याच्याविरुद्धच्या आधीच्या तक्रारी दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे होत्या, पण नेमणुकीच्या वेळी त्या पुढे आल्या नाहीत. आज इंग्लंडमध्ये शाळेत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पार्श्वभूमी तपासली जाते, आणि शिक्षणक्षेत्राच्या व्हिसासाठी गेल्या दहा वर्षांत, वयाच्या 18 वर्षांनंतर, एकूण 12 महिने किंवा जास्त जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचं पोलीस प्रमाणपत्र लागतं. आपल्या शिक्षिकेला म्हणजे भारताचं आणि कतारचं, दोन्ही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या घटनेनंतर महाराष्ट्रानेही शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या पडताळणीचे आदेश काढले. बदलापूरच्या बातम्या वाचताना ज्याच्या पोटात गोळा आला, त्याने लंडनच्या शाळेच्या चौकशीला अपमान समजू नये.

देशही कधी कधी डळमळतात. फेब्रुवारी 2018 मध्ये अमिरातीने प्रत्येक कामगार व्हिसासाठी चांगल्या वर्तनाचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं, सगळीकडे पीसीसीसाठी रांगा लागल्या आणि 1 एप्रिलपासून तो नियम स्थगित झाला. शिक्षकांना मात्र शाळा आणि शिक्षण खाती हा कागद मागत राहिली.

आता नोकरी बदलण्याचा प्रत्यक्ष क्षण. आखातात पूर्वी मालकाचं ना-हरकत पत्र असल्याशिवाय दुसऱ्याकडे जाता येत नसे. सप्टेंबर 2020 मध्ये कतारने ही अट काढली. दोन वर्षांपर्यंत नोकरी झालेल्याने एक महिन्याची आणि त्याहून जास्त झालेल्याने दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. सौदीने 14 मार्च 2021 पासून नोकरी बदलण्याची वाट मोकळी केली. अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्याप्रमाणे, मागितल्यावर मालकाने अनुभवाचं प्रमाणपत्र विनाशुल्क द्यायचं असतं आणि त्यात कामगाराच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल असं काही लिहायचं नसतं. हक्क कागदावर आले आहेत, मागणारा मात्र तिथे हजर हवा. रहिवासी परवाना रद्द होऊन माणूस परभणीला आला की तिथल्या पोलिसांचं प्रमाणपत्र मिळवायला बोटांचे ठसे, दूतावास, ओळखीच्या माणसाच्या नावे अधिकारपत्र असं सगळं मागे लागतं. आपली शिक्षिका राजीनामा देईल त्याच आठवड्यात तिने कतारचं पोलीस प्रमाणपत्र, शाळेचं अनुभवपत्र, शेवटच्या पगाराची पावती आणि रहिवासी परवान्याची दोन्ही बाजूंची छायाप्रत घ्यावी. पोलीस प्रमाणपत्रं बहुधा सहा महिन्यांपुरतीच ग्राह्य धरतात, त्यामुळे फार आधीही काढून उपयोग नाही.

अमेरिकेची वाट वेगळी आहे. तिकडे शिक्षक बहुतेक जे-1 या सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर जातात. मुदत तीन वर्षं, पुढे दोन वर्षांपर्यंत वाढते. एच-1बी या कामाच्या व्हिसाचा विचार करणाऱ्या शाळांना सप्टेंबर 2025 मधल्या एक लाख डॉलर शुल्काच्या आदेशाने धक्का बसला.

या सगळ्या धावपळीत एजंट हवासा वाटणं स्वाभाविक आहे. परदेशी नोकरीची भरती करणाऱ्याची नोंदणी 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली असावी लागते आणि ती ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर पाहता येते. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. लाखाची मागणी झाली, पावती देत नाहीत, मूळ पदवी ठेवून घेतात किंवा ‘अनुभवाचं पत्र आम्ही तयार करून देतो’ असं म्हणतात, तर तिथून उठावं. शेवटचं वाक्य सगळ्यांत घातक, कारण बनावट पत्र पकडलं गेल्यावर एजंट नामानिराळा राहतो आणि व्हिसाबंदी शिक्षकावर येते.

आणि परत येणाऱ्यांचं काय? काही वर्षांनी ही शिक्षिका परभणीला येऊन इथल्या एखाद्या शाळेत रुजू व्हायचं ठरवेल, तेव्हा इथली संस्थाही तिला विचारेल: दोह्यात, इंग्लंडमध्ये शिकवल्याचा पुरावा? तेव्हा दोह्याच्या पत्रावर कतारच्या परराष्ट्र खात्याचं आणि तिथल्या भारतीय दूतावासाचं साक्षांकन लागेल, इंग्लंडच्या पत्रावर त्या देशाचं अपोस्टिल. कतारमधलं साक्षांकन कतारमध्ये असतानाच करून घेणं सोपं. इंग्लंड सोडतानाही शाळेच्या मुख्याध्यापकांची सही आणि त्यावरचं अपोस्टिल घेऊनच तिने विमानात बसावं.